कुंपणाचा जुना खांब जमिनीलगतच का मोडतो? बॉबकॅटने खांब उपसणाऱ्यांसाठी

गेल्या आठवड्यात गोव्यात डिचोलीहून साखळीकडे जाताना रस्त्याकडेच्या एका बागायतीत बॉबकॅट, म्हणजे पुढे बकेट असलेला लहान लोडर, चालू दिसला. माझं पोट त्याच धंद्यावर, त्यामुळे स्कूटर आपोआप थांबली. एक तरुण ऑपरेटर सिमेंटचे जुने खांब काढत होता. चेन खांबाच्या गळ्याशी, दुसरं टोक बकेटच्या दाताला, मशीन रिव्हर्सला. कट्ट असा आवाज झाला आणि खांब आडवा. जमिनीत राहिला वीतभर खुंट आणि त्यातून वर आलेल्या दोन गंजक्या सळया. मागे बघतो तर अशा खुंटांची रांगच. मोजले, अकरा भरले.

"काका, खांबच कुजके आहेत, आम्ही काय करणार?" तो म्हणाला.

कुजके होते हे खरं. पण त्यानंतरचे सहा खांब आम्ही दोघांनी मिळून काढले, आणि त्यातला एकच मोडला. मशीन तेच, चेन तीच, जमीन तीच. फक्त ओढण्याची दिशा बदलली.

दर वर्षी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली की मला हेच फोन येतात: खांब मोडतात, चेन निसटते, मशीन मागून उचलतं. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो. मी आधी खाणीवर लोडर चालवायचो. १६ मार्च २०१८ पासून खाणी थांबल्या तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांनी मिळेल तो धंदा धरला. मी जुना बॉबकॅट घेतला आणि काजूच्या बागायती, कुळागरं (पोफळी-नारळाच्या बागा), घरांची अंगणं अशी कामं करू लागलो. पहिल्या वर्षी मीही त्या पोरासारखेच खांब मोडले आहेत.

नावाबद्दल एक. यंत्राचं खरं नाव स्किड स्टीअर लोडर. बॉबकॅट हे एका कंपनीचं नाव, पण झेरॉक्ससारखं ते सगळ्यांनाच चिकटलं. १९५७ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यात केलर आडनावाच्या दोन भावांनी टर्की पक्ष्यांच्या खुराड्यातलं खत उपसायला एक तीनचाकी लोडर बनवला. त्याचंच १९६० साली चारचाकी झालं. याला वळणारी चाकं नाहीत. एका बाजूची चाकं हळू आणि दुसऱ्या बाजूची जोरात फिरली की मशीन घसटत वळतं, आणि एक बाजू उलटी फिरवली की जागच्या जागी. दीड-पावणेदोन मीटर रुंदीचं हे यंत्र काजूच्या दोन झाडांमधून जातं, तिथे मोठा जेसीबी अडतो. खांबांच्या कामाला ते आवडतं ते याच्यासाठी. पण अडचणही त्याच्याच घडणीत आहे, ती पुढे सांगतो.

मोडतो तो जमिनीलगतच, कारण

खांब जमिनीतून वर आलेला असतो तेव्हा वाऱ्याचा, तारेच्या ताणाचा, अंग घासणाऱ्या गुरांचा सगळा जोर जमिनीच्या पातळीवर येऊन साठतो. वाकण्याचा ताण तिथेच सगळ्यात जास्त. आणि कुजण्याची जागाही नेमकी तीच. जमिनीच्या फूटभर खाली ओल असते पण हवा कमी, वर हवा असते पण ओल टिकत नाही. मधल्या चार-सहा इंचांत दोन्ही मिळतात. लाकूड तिथे कुजतं, लोखंडी अँगल तिथे खाल्ला जातो. सिमेंटच्या खांबात पाणी आतल्या सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंज फुगतो आणि सिमेंटला आतून फोडतो. गोव्यात पावसाळ्याचे जवळजवळ तीन हजार मिलिमीटर पाणी पडतं आणि किनाऱ्याकडे हवेत खारेपणा असतो, तेव्हा हे लवकर होतं. पेडणे, बार्देशच्या समुद्रालगतचे खांब आणि आतल्या डोंगराळ सत्तरीतले खांब एकाच वर्षी घातलेले असले तरी सारखे उरत नाहीत.

सिमेंट दाबायला दणकट, पण ओढायला आणि वाकवायला कमजोर. वाकवण्याचा जोर पेलायचं काम सळईचं, आणि सळईच तिथे गेलेली. अशा खांबाला वरून चेन बांधून मागे ओढलं की पाच फुटांची तरफ तयार होते आणि तिचं सगळं बळ कुजलेल्या जागी येतं. तो मोडणारच. त्याच खांबाला खाली, जमिनीलगत चेन घालून सरळ वर उचललं तर वाकवण्याचा जोर जवळजवळ नाहीसा होतो. उरते ती मातीची पकड, आणि ती दिसते तेवढी नसते.

वजनाचा हिशेब करून बघा. चार इंची चौकोनी, सात फुटी सिमेंटचा खांब साधारण ५० किलोचा. बुडाशी फूटभर लांब, फूटभर रुंद, दीड फूट खोल काँक्रीट ओतलेलं असलं तर ते आणखी १०० किलो. एकूण १५०. आपल्या लहान मशीनच्या प्लेटवर उचलण्याची क्षमता ६००-७०० किलो लिहिलेली असते. म्हणजे वजनाने मशीन हरत नाही. हरतं ते मातीच्या घट्ट पकडीपुढे आणि आपल्या घाईपुढे.

"मी सरळ वर ओढतोय, तरी मोडतो"

ही तक्रार जरा जाणत्या ऑपरेटरची. चेन खाली बांधली, बकेट खांबाला लावली, आर्म (बकेट धरणारे हात) उचलले, तरी खांब गेला. इथे मशीनची घडण समजून घ्यावी लागते.

बऱ्याच लहान मशीनचे आर्म मागे वर एका खिळीवर फिरतात. त्यामुळे बकेट सरळ रेषेत वर न जाता कमानीत जाते. जमिनीपासून वर निघाली की पहिल्या टप्प्यात ती वर जाते तशीच पुढेही सरकते, म्हणजे मशीनपासून लांब, म्हणजे नेमकी खांबाच्या अंगावर. तुम्हाला सीटवरून वाटतं आपण उचलतोय, आणि बकेटची धार खांबाला पुढे ढकलत असते. चेन खालून वर खेचते, धार वरून पुढे रेटते. खांबाला यापेक्षा वाईट काही करता येणार नाही.

विश्वास बसत नसेल तर मोकळ्या जागेत बकेट जमिनीवर टेकवा, टोकासमोर काठी रोवा आणि नुसते आर्म उचला. बकेट काठीला पाडते की नाही ते स्वतःच बघा. काही मशीनना आर्म सरळ वर नेणारी जोडणी असते, त्यात हे कमी होतं. आपलं कुठलं, ते या काठीनेच कळतं.

उपाय दोन. एक, आर्म उचलताना मशीन बोटाबोटाने मागे घेत राहायचं, धार आणि खांब यांच्यात चार बोटं अंतर कायम राहील इतकंच. याला हात बसायला वेळ लागतो, दहा-बारा खांब तरी. दोन, आणि हा मला जास्त आवडतो: आर्म उचलूच नका, बकेट वळवा.

ते असं. बकेट सपाट जमिनीवर टेकवा, धार खांबाला जेमतेम लागेल इतकी. चेन खांबाला जमिनीलगत फास घालून आवळा आणि शक्य तितकी आखूड ठेवून बकेटच्या मधोमध अडकवा. आता फक्त बकेट मागे वळवण्याचा लिव्हर, तोही हळू. बकेटची टाच जमिनीवर राहते, धार वर येते. धार टाचेपासून अडीच फूट लांब असल्याने तिचा सुरुवातीचा प्रवास जवळजवळ उभा असतो. वीतभर वर येईपर्यंत ती जेमतेम बोटभर मागे सरकते. खांब वीतभर सुटला की अर्धं काम झालं. चेन सैल करा, खाली सरकवा, पुन्हा तेच. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला खांब मोकळा होतो. मग आर्मने उचलला तरी चालतो.

यात दुसरा फायदा असा की सगळा जोर टाचेतून जमिनीत जातो, मशीनच्या चाकांवर येत नाही. माती मऊ असेल तर टाचेखाली जाड फळी घाला, नाहीतर टाचच खाली जाईल आणि खांब तिथेच राहील.

त्या दिवशीचे सहा खांब आम्ही असेच काढले. मोडला तो एक, कारण त्याची सळई खरोखर उरलीच नव्हती. असे खांब आधी ओळखता येतात. हातोडीने जमिनीलगत टकटक करा. घट्ट खांब ठण्ण वाजतो, आतून सुटलेला भद्द वाजतो. उभी चीर आणि तपकिरी ओघळ दिसले तर सळई गेली असं समजा. अशांना ओढायच्या आधी भोवती हातभर खणून कुजलेल्या जागेच्या खाली चेन घाला. खणायला पाच मिनिटं जातात. खुंट काढायला त्याच्या चौपट जातात, हे मी सांगायला नको.

खांब हलतच नाही

बकेट वळवली, मशीनचा कुंईं असा आवाज सुरू झाला, खांब जागच्या जागी. तो आवाज म्हणजे हायड्रॉलिकचा सुरक्षा व्हॉल्व्ह उघडला, तेल फिरून टाकीत जातंय, जोर संपला. लिव्हर लगेच सोडा. तसाच धरून ठेवल्याने खांब निघत नाही, फक्त तेल तापतं. अनेक जण इथे धक्का देतात, मशीन मागेपुढे उडवतात. धक्क्याने मोडतो खांब, नाहीतर चेन, नाहीतर आर्मची खिळ.

इथे महिना कुठला हे विचारावं लागतं. आपली जमीन जांभ्याची. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर फ्रान्सिस बुकानन याने १८००-०१ च्या प्रवासात केरळात हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या पुस्तकात लिहून ठेवलं की जमिनीत असताना तो लोखंडी हत्याराने सहज कापता येतो, आणि हवेत आला की विटेसारखा घट्ट होतो. लॅटिनमध्ये विटेला असलेल्या शब्दावरून त्यानेच लॅटेराइट हे नाव दिलं. चिरेखाणीवर काम केलेल्या कुणालाही हे सांगायला बुकानन लागत नाही. पण खांबांच्या बाबतीत आपण ते विसरतो. खांबाभोवती भरलेला मुरूम एप्रिल-मे महिन्यात तापून चिऱ्यासारखा होतो. आणि नेमक्या तेव्हाच, काजूचा मोसम आवरता आवरता, भाटकाराला (बागायतीच्या मालकाला) कुंपणाची आठवण येते.

उन्हाळ्यात काढायचेच असतील तर आदल्या संध्याकाळी पाणी द्या. नुसतं ओतून उपयोग नाही, वरून वाहून जातं. खांबाच्या दोन बाजूंना पहारीने हातभर खोल भोकं पाडा, त्यात पाणी भरा, तासाभराने पुन्हा भरा. सकाळी खांब दोन्ही बाजूंना अगदी किंचित हलवून बघा. हाताने हलला तर मशीनने येणारच.

जुलै-ऑगस्टमध्ये उलटी गंमत. माती चिखल झालेली, खांब हाताने डुलतो, तरी वर येत नाही. खाली काँक्रीटचा गोळा असतो आणि तो वर सरकला की त्याच्याखाली पोकळी होते. भोवतीचा चिकट चिखल हवा आत जाऊ देत नाही, म्हणून ती पोकळी गोळ्याला खाली खेचते. चिखलात पाय रुतला की चप्पल सोडून पाय वर येतो, तसंच. इथे जोर वाढवून काही होत नाही. ताण धरून थांबा, अर्धा मिनिट. किंवा खांबाला लागून पहार तिरकी खाली घाला आणि हलवा, हवा आत गेली की फुस्स आवाज करून खांब सुटतो. तसं पावसाळ्यात मशीनची चाकंच घसरतात, बागायतीत वळताना सगळी माती उकरली जाते आणि झाडांची वरची मुळं तुटतात, म्हणून मी त्या दिवसांत काम घेत नाही. चवथीनंतर ते दिवाळीच्या आसपास, आत ओल आणि वर घट्ट, तेव्हा काढावे.

खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या चिखलशेतातल्या, खांबांचा प्रश्नच वेगळा. तिथे चाकाचं मशीन नेऊ नका. खांब राहील बाजूला आणि मशीन काढायला दुसरं मशीन बोलवाल. तीन बांबू किंवा पाईपांची तिवई उभी करायची, बुडाशी फळ्या, वर चेनपुली. दोन माणसं दिवसभर आरामात काढतात.

एकूण खांब सात-आठच असतील तर बॉबकॅटसुद्धा कशाला? ट्रकचा जॅक, एक चेन, एक फळी. मशीन आणण्या-नेण्याच्या भाड्यात हे काम होऊन जातं. माझं गिऱ्हाईक कमी होतं, पण खरं ते खरं.

मशीनची मागची चाकं उचलतात

रिकाम्या बॉबकॅटचं बहुतेक वजन मागे असतं, इंजिन तिथे आहे म्हणून. पुढे भार आला की तराजू फिरतो. प्लेटवरची क्षमता म्हणजे चाकांच्या मशीनला पुढे कलंडायला लागणाऱ्या वजनाच्या निम्मी. खांब जमिनीत अडकलेला असताना तुम्ही किती किलो उचलताय ते कुणालाच माहीत नसतं. मागची चाकं उचलली याचा अर्थ तो आकडा दुप्पट झाला. अशा वेळी आर्म खाली सोडा आणि बकेट वळवण्याच्या पद्धतीवर या.

मागच्या बाजूला चार पोरं बसवून मशीन दाबून धरायचा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. खांब अचानक सुटतो तेव्हा मागची चाकं धाडकन खाली येतात आणि ती पोरं कुठे पडतील याचा नेम नसतो. काम मिळालं नाही तरी चालेल, पण हे करू नका.

उतारावर भारी बाजू चढाकडे. रिकामं मशीन मागून जड म्हणून ते रिव्हर्समध्ये चढवायचं, आणि बकेटला खांब लटकला असेल तर पुढून. खांब न्यायचा तर जमिनीपासून वीतभर उंचीवर, लोंबकळू न देता. सत्तरीतल्या काजूच्या डोंगरांवर हे विसरलेलं मशीन उताराला आडवं पडायला फार वेळ लागत नाही. सीटबेल्ट आणि मांडीवरचा दांडा हे त्या वेळेसाठीच आहेत. उन्हाने उकडतं म्हणून ते काढून ठेवणारे आमच्यात पुष्कळ.

चेन

अँगलच्या खांबावरून चेन वर सरकते. तारेसाठी पाडलेल्या सगळ्यात खालच्या भोकात जाड बोल्ट घाला आणि चेन त्याच्या खाली आवळा, थांबते. सिमेंटच्या खांबाला दोन वेढे द्या आणि मध्ये जुन्या टायरचा तुकडा घाला. लाकडी खांबाला साल असेल तर ती तिथे सोलून काढा.

दोरी, टोइंगचा पट्टा, विहिरीचा जुना रहाट-दोर यातलं काहीही नको. ताणलेली दोरी तुटली की चाबकासारखी परत येते. उचलण्यासाठीची ग्रेड ८० ची दहा मिलिमीटर चेन घ्या. ती सरळ ओढीत ३.१५ टनांना ठरवलेली असते, फास घातल्यावर त्यातला पाचवा हिस्सा कमी धरायचा, तरी लहान मशीनला ती पुरून उरते. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी गेट बांधायची चेन दिसायला तशीच असते, पण तिच्यावर ग्रेडचा शिक्का नसतो. तो बघून घ्या.

आणि बकेटच्या दाताला चेन अडकवू नका. दात निसटता आहे, आणि कोपऱ्यातला असेल तर मशीन पिळवटतं. मधोमध नीट वेल्डिंग केलेला हुक हवा, नाहीतर बकेटऐवजी फोर्क (दोन लांब लोखंडी काटे) लावून त्याच्या चौकटीला चेन बांधा. फोर्क असतील तर डिचोली-फोंड्याकडचा कुणीही चांगला वेल्डर जाड प्लेटला त्रिकोणी खाच पाडून देतो. ती खाच खांबाभोवती सरकवायची, उचलताना प्लेट तिरकी होऊन आपोआप पकड घेते. अँगलच्या खांबांना याच्यासारखं दुसरं काही नाही, चेन बांधा-सोडायचा वेळ वाचतो. सिमेंटला मात्र खाच चावते, कडा फुटतात.

चेन बांधताना बकेट जमिनीवर, इंजिन बंद. हेल्परची बोटं चेन आणि खांबाच्या मध्ये असतात आणि ऑपरेटरचा पाय किंवा हात नकळत लिव्हरला लागतो. चेन ताणली की हेल्पर चेनच्या दुप्पट लांबीवर, आणि बकेटच्या समोर कधीच नाही.

मशीन खांबापर्यंत पोचत नाही

मध्ये दगडी गडगा आहे, पाण्याचा पाट आहे, बांध आहे. ट्रकची जुनी रिम किंवा टायर खांबाला लागून उभा करा. चेन खांबाच्या बुडाशी बांधून रिमवरून घ्या आणि मग मशीनने आडवं ओढा. आडवी ओढ रिमवरून वळून उभी होते. रिम कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना दगड. चेनवर ओलं गोणपाट टाकून ठेवा, हुक सुटलाच तर उडणार नाही. हा उपाय जुना आहे, पण मशीनवाल्यांना तो आठवत नाही.

मोडलेले खुंट

झालं ते झालं, आता अकरा खुंट आहेत. वर आलेल्या सळयांना चेन बांधून ओढायचा मोह होतो. सळई गंजलेली असते, ती एकटीच सुटून येते किंवा तुटते, आणि खुंटाला धरायला असलेलं तेवढंही जातं. सळई आधी कापून टाका, टायरला आणि पायाला तीच धोक्याची.

मग भोवती पिकास आणि पहारीने हातभर खणा, खुंटाला खाली काँक्रीटचा गोळा असेल तर त्याच्या मानेशी चेन, आणि तीच बकेट वळवायची पद्धत. गोळा नसेल तर खणलेल्या बाजूला खुंट ढकला, मग उचला. अँगलचा खुंट असेल तर त्याला जाड कडी वेल्ड करून घ्या. लाकडाचा असेल तर पाचर मारून चिरला की तो आतून सैल होतो आणि तुकड्यांनी निघतो.

खुंट खूप असतील तर इथे मी स्वतःच सांगतो, तासाभरासाठी जेसीबी बोलवा. मागचा लांब हात खाली जाऊन खुंट बुडापासून उचलतो, बॉबकॅटला तसा हात नाही. आणि जिथे नांगर किंवा पॉवर टिलर फिरणार नाही, नवीन खांबही त्याच जागी यायचा नाही, तिथे खुंट फूटभर खाली तोडून वर माती टाकली तरी काही बिघडत नाही.

ओढण्याआधी बघायचं ते

हे खरं तर सुरुवातीला यायला हवं होतं, पण काम बिघडल्याशिवाय कुणी वाचत नाही.

रांगेतला प्रत्येक उभा दगड खांब नसतो. चिऱ्याचा किंवा काळ्या दगडाचा ठेंगणा, डोक्यावर खूण किंवा आकडा कोरलेला दगड दिसला तर मशीन बंद करा. तो सर्व्हेचा हद्दीचा दगड असू शकतो, आणि गोव्यात १९६८ च्या भूमहसूल संहितेखाली हद्दीच्या खुणांना हात लावणं अंगाशी येतं. शेजाऱ्याशी कोर्टात पंधरा वर्षं घालवायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. मालकाला नकाशा घेऊन उभं राहायला सांगा, शेजाऱ्यालाही बोलवा. खांब काढायच्या आधी प्रत्येक खांबाच्या जागी खुंटी मारून मोबाइलवर फोटो काढून ठेवतो मी, नंतर "कुंपण दोन हात आत आलं" हे ऐकावं लागत नाही.

जिवंत वई असेल, म्हणजे गिरिपुष्पाचे किंवा पांगाऱ्याचे रोवलेले दांडे फुटून झाडं झालेली, तर त्यांना खांब समजून उपसू नका. ती आता झाडं आहेत, आणि झाडं तोडायला गोव्यात १९८४ च्या कायद्याने परवानगी लागते. शिवाय ती मुळांनी धरलेली असतात, बॉबकॅटचं ते काम नव्हे.

पाण्याची पाईप आणि विजेची केबल बहुतेक वेळा कुंपणाच्या कडेनेच नेलेली असते, कारण तिथे खणणं सोपं असतं. मालकाला विचारा, आणि मालकाच्या वडिलांनाही विचारा. पाईप कुठून नेली ते त्यांनाच आठवतं.

खांबाच्या बुडाशी रचलेले दगड हाताने उचलू नका. जांभ्याच्या सपाट माळावर अशा दगडांखाली फुरसं असतं. वीत-दीड वीत लांब, मातीच्या रंगाचं, अंगाला अंग घासून खर्र आवाज करतं. मशीनच्या आवाजात तो ऐकू येत नाही. पहारीने दगड उलटा करा, बूट घाला.

तार मात्र सगळ्यात आधी. काटेरी तार खांबावर ठेवून ओढायला गेलात तर पुढचे चार खांब वाकतात आणि तार चाकाच्या आसात गुंडाळली जाते. मला एकदा ती काढायला दुपार लागली, हातमोजे फाटले आणि वाळपईला जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. ताणलेली तार कापताना तोंड बाजूला, एक पाय तारेवर, आणि कापल्या-कापल्या गुंडाळी करून गडग्यावर. तुटलेले वीत-वीत तुकडे गवतात राहतात, ते शोधायला दोरीला बांधलेलं स्पीकरचं जुनं चुंबक ओढत नेतो मी. बॉबकॅटचे टायर महाग आहेत.

खड्डे त्याच दिवशी भरा. दीड-दोन फुटांचा तो खड्डा गवतात दिसत नाही, आणि संध्याकाळी गुरं त्याच वाटेने परततात. निघालेलीच माती थराथराने टाकून पहारीच्या बुडाने चेचायची, वर चार बोटं उंचवटा ठेवायचा, पहिल्या पावसात तो बसतो. नवीन खांब जुन्या खड्ड्यात घालू नका, तिथली माती दोन पावसाळे तरी सैल राहते. हातभर पुढे नवीन खड्डा मारा.

डिचोलीच्या त्या पोराने परवा फोन केला होता. अकरा खुंटांपैकी सात त्याने खणून काढले, चार बांधाखाली होते ते तोडून सोडले. मालकाने निघालेले धड खांब कुळागरातल्या पाटावर साकव म्हणून आडवे घातले आहेत, सळई शाबूत होती तेवढेच.